टोपी-माकड आणि गोदावरीची सीमा
(उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांकरिता अभ्यासलेख)

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गोदाकाठच्या एका शाळेत मी 'आपल्या परिसरातील प्राणी' हा पाठ घेत होतो. माकड आणि वानर यांत भेद कोणता, असा प्रश्न मी वर्गाला विचारला. उत्तर तत्काळ आले : वानराचे तोंड काळे, माकडाचे तांबूस. ते मी फळ्यावर लिहिले आणि पुढे निघालो. इतक्यात मागच्या रांगेतील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, गावात आलेल्या मदाऱ्याच्या माकडाचे शेपूट आखूड होते, आणि सहलीत महाबळेश्वरला पाहिलेल्या माकडाचे लांब होते. मग त्यांतले खरे माकड कोणते?" मदाऱ्याने शेपूट कापले असेल, असे सांगून मी त्याला खाली बसविले. वर्ग हसला, तो मुलगा मात्र हसला नाही.

त्या मुलाचे निरीक्षण बरोबर होते व माझे उत्तर चुकीचे होते, हे मला पुढे वाचनातून कळले. ज्यांना आपण सरसकट 'माकड' म्हणतो, त्या एका नावाखाली आपल्या देशाच्या या भागात दोन निरनिराळ्या जाती मोडतात. त्यांपैकी एक जात अफगाणिस्तानापासून चीनपर्यंत पसरलेली आहे. दुसरी मात्र दक्षिण भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जगात कोठेही निसर्गतः आढळत नाही, आणि अलीकडे ती धोक्यात आली आहे. या दोघींच्या प्रदेशांमधील सीमा म्हणून प्राणिशास्त्राचे ग्रंथ ज्या दोन नद्यांची नावे घेतात, त्या तापी आणि गोदावरी होत. म्हणजे हा प्रश्न दूरच्या अरण्याचा नाही. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतील शिक्षकांच्या तर तो दाराशीच आहे.

प्रथम ओळख पक्की करून घेऊ. वानर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. काळे तोंड, राखी अंग, लांब हातपाय, धडाहूनही लांब शेपूट, आणि टोळीतल्या हुप्प्याची ती दुरून ऐकू येणारी हाक. वानराचा मुख्य आहार झाडपाला असून तो पचविण्यासाठी त्याच्या जठराचे अनेक कप्पे झालेले असतात. गालात अन्न साठविण्याची पिशवी त्याला नसते. माकडांना ती असते. फुटाणे दिसले की माकड ते भराभर गालात कोंबते आणि सुरक्षित जागी बसून सावकाश खाते, हे मुलांनी पाहिलेले असतेच. ते का घडते, एवढेच आपण सांगावयाचे असते.

आता त्या दोन माकडांविषयी. उत्तरेकडील जातीला आपण लाल माकड म्हणू. तिचे शेपूट धडाच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि कमरेखालच्या मागील भागावरील केसांवर नारिंगी-तांबूस झाक असते. डोक्यावरील केस साधे, मागे वळलेले असतात. दक्षिणेकडील जातीला टोपी-माकड असे नाव आहे, व ते फार समर्पक आहे. त्याच्या माथ्यावरचे केस मध्यभागापासून भोवऱ्यासारखे चोहोकडे पसरतात, आणि कपाळावर भांग पाडल्यासारखी रेघ दिसते. जणू कोणी लहानशी टोपी घातली आहे. अंगाचा रंग मळकट करडा-तपकिरी असतो, मागच्या बाजूस लाली नसते. शेपूट डोक्यासह धडाइतके किंवा त्याहूनही थोडे लांब असते. शेपूट, डोके आणि मागील भाग या तीन ठिकाणी नजर टाकली की सहसा चूक होत नाही. तोंडाच्या रंगावर विसंबणे हीच माझी मूळ चूक होती, कारण तोंड दोघांचेही काळे नसते.

शास्त्रीय नामकरणात लाल माकडाची नोंद १७८० साली झिमरमन यांनी आणि टोपी-माकडाची १८१२ साली जॉफ्रॉय यांनी केली. लाल माकडाची कीर्ती पुढे वैद्यकामुळे झाली. रक्तगटांच्या संदर्भात आपण जो 'आर-एच' घटक म्हणतो, त्यातील अक्षरे या माकडाच्या 'र्‍हीसस' या इंग्रजी नावातून आलेली आहेत. लँडस्टायनर आणि वीनर यांनी १९४० साली तो घटक प्रसिद्ध केला, तो याच जातीच्या रक्तावरील प्रयोगांतून. टोपी-माकडाच्या वाट्याला अशी कीर्ती आली नाही. ते देवळांच्या शिखरांवर, हमरस्त्यांच्या वडांवर आणि घाटांतील कठड्यांवर बसून राहिले, आणि सर्वत्र दिसते म्हणून त्याची मोजदाद करावी असे फारसे कोणाला वाटले नाही.

सीमेचा प्रश्न मात्र काही अभ्यासकांनी मनावर घेतला. १९८१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या विषयावर दोन महत्त्वाचे लेख आले. एकात जपानी शास्त्रज्ञ कोयामा व त्यांचे सहलेखक शेकर यांनी पश्चिम-मध्य भारतातील दोन्ही माकडांचे वाटप तपासले. दुसऱ्यात अमेरिकेचे जॅक फुडेन यांनी महाबळ आणि साहा या भारतीय प्राणिशास्त्रज्ञांसह जुन्या व नव्या नोंदी एकत्र करून दोहोंमधील सीमारेषा नव्याने निश्चित केली. या कामात कोणतेही मोठे यंत्र लागत नाही. गावोगाव जाऊन टोळी पाहावयाची, तिची जात ओळखावयाची आणि नकाशावर खूण करावयाची. खुणा पुरेशा झाल्या म्हणजे रेषा आपोआप दिसू लागते. आपल्या शाळांतील मुलांना न जमण्यासारखे यात काय आहे, हे मला अद्याप सापडलेले नाही.

त्या रेषेचे पुढे काय झाले, ते तीस वर्षांनी कळले. बंगळूर येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज या संस्थेतील ऋषी कुमार, सिंधू राधाकृष्ण व अनिंद्य सिन्हा यांनी २०११ साली आपली पाहणी प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष असा की, लाल माकड दक्षिणेकडे सरकत आहे, आणि ते जेथे पोहोचते तेथून टोपी-माकड नाहीसे होत जाते. दोन्ही जातींचे मिश्र कळपही काही ठिकाणी आढळले आहेत. लाल माकड अंगाने दणकट, स्वभावाने आक्रमक आणि माणसाच्या वस्तीत सहज रुळणारे असते. टोपी-माकड त्याच्यापुढे हटते. नदी ही काही भिंत नव्हे. उन्हाळ्यात गोदेचे पात्र कित्येक ठिकाणी गुडघाभरही राहत नाही, लाल माकडाला पोहताही येते, आणि गंगाखेडजवळच्या रेल्वे पुलासारखे पूल आपणच बांधून ठेवलेले आहेत. परंतु माकडाने स्वतः केलेल्या प्रवासाहून अधिक दूरचा प्रवास माणसाने त्याला घडविला आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

दुसरी पाहणी याहूनही बोलकी आहे, आणि तिची पद्धती वर्गात समजावून सांगण्याजोगी आहे. म्हैसूर विद्यापीठाचे प्राध्यापक मेवा सिंह व त्यांचे सहकारी यांनी म्हैसूरच्या आसपासच्या रस्त्यांवरील टोपी-माकडांची गणना १९८९ साली केली. नंतर काही वर्षांच्या अंतराने त्याच रस्त्यांवर त्याच पद्धतीने ती पुन्हा केली. शेवटची २०१५ मध्ये झाली. रस्ता तोच, पद्धत तीच, म्हणून आकड्यांची तुलना करता आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे पंचवीस वर्षांत त्या रस्त्यांवरील टोपी-माकडे ६५ टक्क्यांहून अधिक घटली होती. शंभरातील पस्तीसही उरली नाहीत! रोग आला नाही, दुष्काळात ती मेली नाहीत, कोणी बंदुकीने मारली असेही नाही. रस्ते रुंद करण्यासाठी दुतर्फा असलेले जुने वड व त्याच कुळातील इतर वृक्ष तोडले गेले, आणि अन्न व रात्रीचा आसरा ही दोन्ही एकाच घावासरशी गेली. कल्याणहून पाथरी, मानवत, परभणी, नांदेड असा निर्मळकडे जाणारा महामार्ग आपल्या जिल्ह्यातूनच जातो. रुंदीकरणापूर्वी त्याच्या कडेला कोणती झाडे होती, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारून मुलांनी लिहून काढावे. तो इतिहासाचाही पाठ होईल.

या घटीचा परिणाम म्हणून एक औपचारिक निर्णयही बदलला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघ जगातील प्राण्यांची जी 'लाल यादी' ठेवतो, तिच्यात २००८ साली टोपी-माकड 'चिंता नाही' अशा अर्थाच्या वर्गात होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीत ते 'असुरक्षित' म्हणजे धोक्यातील प्राण्यांच्या वर्गात आले. टोपी-माकडाची मादी साधारण चार वर्षांची झाल्यावर प्रथम वितेस येते, सुमारे साडेपाच महिने गर्भ धारण करते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. एवढ्या संथ वाढीच्या प्राण्याची झीज एकदा झाली म्हणजे ती भरून येण्यास किती काळ लागेल, याचे गणित सातवीचा विद्यार्थी मांडू शकतो.

विपुल दिसणारा प्राणीही घटतो आणि वेळीच आवर घातला तर सावरतो, याचे उदाहरण लाल माकडानेच दिले आहे. १९५० नंतरच्या दशकांत पोलिओच्या लसीसाठी व इतर प्रयोगांसाठी ही माकडे भारतातून फार मोठ्या संख्येने परदेशी पाठविली जात. चार्ल्स साउथविक या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह १९५९-६० साली उत्तर प्रदेशात त्यांची गणना केली, आणि पुढे अलिगढच्या परिसरात सिद्दिकी यांच्यासमवेत कित्येक वर्षे ती चालू ठेवली. संख्या घसरत असल्याचे त्या आकड्यांतून दिसले. भारत सरकारने १९७८ सालापासून निर्यात बंद केली, आणि त्यानंतर संख्या पुन्हा वाढू लागली. गणनेच्या वह्या नसत्या तर घसरण कोणी मानली असती का? ज्या लसीने असंख्य बालकांचे पाय वाचविले तिच्यामागे या मुक्या प्राण्याचे देणे आहे, हेही मुलांना सांगावे. मात्र सांगताना डोळ्यांतून पाणी काढू नये; वस्तुस्थिती पुरेशी आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. येथे शिक्षकाची अडचण अशी की, गावात संरक्षणाचा शब्द काढला तर ज्या शेतकऱ्याच्या हरभऱ्याचे घाटे माकडांनी ओरबाडले, तो विचारतो, "गुरुजी, माझ्या पिकाचे संरक्षण कोणी करावयाचे?" हा प्रश्न न्याय्य आहे. आपण त्याला प्राणिप्रेमाचे पाठ देऊ नयेत. नुकसान खरे असते, रात्रंदिवस राखणीची दगदग खरी असते, आणि कोकणातील बागाईतदारांची हीच तक्रार आहे. पण त्या तक्रारीवर आपण जो उपाय सर्वांत सोपा समजतो, तोच सर्वांत वाईट आहे. माकडे पकडून पिंजऱ्यात घालावयाची आणि दूरच्या माळावर किंवा दुसऱ्या गावाच्या शिवारात नेऊन सोडावयाची. त्याने या गावाचे दुःख त्या गावास जाते. रिकाम्या झालेल्या जागेत पुष्कळदा दुसरी टोळी येते. पकडलेली टोळी लाल माकडांची असून ती टोपी-माकडांच्या मुलखात सोडली गेली, तर जी सीमा निसर्गाने युगानुयुगे राखली ती एका रात्रीत एका मालमोटारीने ओलांडली जाते. वर म्हटलेला माणसाने घडविलेला प्रवास तो हाच. म्हणून जात ओळखणे ही केवळ पंडितांची हौस नाही.

कायद्यानेही हा भेद केलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत टोपी-माकड व वानर यांचा समावेश असून त्यांना मारणे, पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. लाल माकड मात्र २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींतून वगळले गेले. ज्यास दोहोंतील भेद माहीत नाही, त्याच्या हातून अजाणता गुन्हा घडू शकतो. मदाऱ्याचा खेळही १९९८ सालापासून कायद्याने बंद आहे. माझ्या विद्यार्थ्याने पाहिलेला मदारी त्यामुळे आजच्या मुलांना क्वचितच भेटेल, आणि ते बरेच झाले.

आपल्या मराठवाड्यातील दोन जिल्ह्यांतील दोन बातम्या येथे नमूद करतो. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात लवूळ या गावी २०२१ च्या अखेरीस वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उंचावर नेल्याची वार्ता पसरली. डिसेंबरात वनखात्याने दोन वानरे पकडून नेली. परंतु तोवर मेलेल्या पिल्लांचा आकडा तोंडोतोंडी फुगत शेकड्यांवर गेला होता, आणि ती वार्ता देशोदेशींच्या वृत्तपत्रांत 'सूड' या नावाने छापली गेली. मुलांना विचारावे : हा आकडा कोणी मोजला? किती जणांनी स्वतः पाहिले? दुसरी बातमी धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावची. तेथील ३२ एकर जमीन दप्तरी माकडांच्या नावे नोंदलेली असल्याचे २०२२ साली सर्वत्र प्रसिद्ध झाले. गावकरी त्यांना मानाने वागवितात, आणि पूर्वी लग्नकार्यातही त्यांना आधी देणे दिले जात असे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून त्या प्राण्याला काय कळणार, असे कोणी म्हणेल. पण ज्या जागेत वनखात्याने झाडे लावली आहेत, ती जागा कोणी बळकावू शकत नाही, हा लाभ लहान नाही.

मारुतीच्या नावाने वानरांना मिळणारे अभय मला मोलाचे वाटते. त्याच भावनेने शनिवारी फुटाणे, केळी व बिस्किटे टाकण्याची चाल मात्र हितकर नाही. असे आयते अन्न मिळू लागले की टोळी रस्त्यावर येऊन बसते, वाहनांखाली सापडते, पोरांच्या हातातील खाऊ हिसकावते, आणि मग तेच गाव तिला दगड मारते. माकडांना खरोखर द्यावयाचेच असेल तर उंबर, वड, पिंपळ यांची रोपे शाळेच्या आवारात व ओढ्याकाठी लावावीत. त्यांची फळे खाऊन माकडे बिया दूरवर टाकतात, आणि नवी झाडे कोणी न लावता उगवतात. जिंतूरकडील डोंगर सोडले तर आपल्या जिल्ह्यात रान फारच थोडे उरले आहे. ओढ्याकाठचे एक उंबरही येथे मोठी संपत्ती समजावी.

पाठ घेण्याची रीत सुचवितो; आपापल्या सोयीने तीत फेरफार करावा. पहिल्या तासिकेस फळ्यावर तीन आकृत्या काढाव्यात. चित्रकला उत्तम नसली तरी चालेल. शेपटीचे प्रमाण मात्र काटेकोर असावे. धड वीतभर काढले तर वानराचे शेपूट वितीहून बरेच लांब, टोपी-माकडाचे वीतभर किंवा किंचित अधिक, आणि लाल माकडाचे अर्धी वीत. नावे आधी सांगू नयेत. आपण कोठे काय पाहिले ते मुलांकडून वदवून घ्यावे, आणि कोणी वर्गाच्या उत्तराविरुद्ध बोलले तर त्याला खाली बसवू नये. दुसरी तासिका वर्गाबाहेर घ्यावी. टोळी असेल तेथे तीस पावलांहून जवळ जाऊ नये. हातात खाण्याची वस्तू नसावी. माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहू नये व दात दाखवू नयेत, कारण त्याच्या भाषेत ते आव्हान ठरते. पिल्लाकडे तर मुळीच जाऊ नये. एवढे करूनही कोणाला चावा अगर ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. हळद किंवा चुना भरून घरी थांबवू नये.

यानंतर शाळेत एक वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, ठिकाण, कोणत्या झाडावर किंवा इमारतीवर, कोणती जात, मोठी किती, आईच्या पोटाशी बिलगलेली पिल्ले किती, आणि ती काय खात होती, असे रकाने आखावेत. जात नक्की सांगता येत नसेल तर शेपटीची लांबी व डोक्यावरील केस यांचे वर्णन जसे दिसले तसे लिहावे. अंदाजाने नाव भरू नये. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, त्याच वाटेने चार मुलांनी फेरी करावी. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील, आणि मुले वरच्या वर्गात गेली तरी ती पुढच्या तुकडीकडे सोपविली जाईल, अशी व्यवस्था असावी. वर्षअखेरीस तिची एक नक्कल जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे पाठवावी. गोदेच्या दक्षिण तीरावरील व उत्तर तीरावरील शाळांनी आपापल्या वह्या केंद्रसंमेलनात एकमेकांशी ताडून पाहाव्यात. फेरीत एकही माकड आढळले नाही, तर त्या दिवशीचे पान कोरे सोडू नये. तारीख घालून 'आज या वाटेवर दिसले नाही' असे स्वच्छ अक्षरात लिहावे, आणि फेरी करणाऱ्या मुलांनी त्याखाली आपल्या सह्या कराव्यात.